अर्धा फेस आचारीबुवांचा

सलग सहा दिवस मी टाकीवरचा फेस पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन परत त्याच टाकीत ढकलला. सातव्या दिवशी तो कठड्यावरून उतरून माझ्या बुटांपर्यंत आला. शिक्षण पर्यावरण अभियांत्रिकीचं, प्रथम श्रेणी.

"सायेब," मागून आवाज आला, "तुमी फेस धुऊन राहिले का त्याले जेवू घालून राहिले?"

हे आमचे आचारीबुवा. अकोल्याबाहेरच्या सांडपाणी प्रकल्पावर ते ऑपरेटर. पण लग्नांत, भंडाऱ्यांत सुटी काढून स्वयंपाक करायचे, म्हणून हे नाव. गणपतीचे भंडारे उरकून या सातव्या दिवशीच कामावर परतले होते. रोज मूर्तिजापूरहून गाडीने यायचे आणि आल्या आल्या काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी भरून त्यापुढे मांडी घालून बसायचे. गाळ खाली बसेपर्यंत, अर्धा तास, बोलायचं नाही. "वरण आन् गाळ, दोघायले घाई चालत नाई."

मला मात्र घाई होती. आमच्याकडून शुद्ध होऊन निघणाऱ्या पाण्यावर शेजारच्या माळ्यांचा झेंडू उभा होता. दसरा महिन्यावर आलेला, आणि फेस हटला नाही तर पाणी सोडणं बंद करा, असं वरून बजावलेलं. आता फेस म्हणजे साबण, एवढं तर मला बालपणापासून माहीत! त्या माळ्यांच्या वस्तीचं सांडपाणीही आमच्याकडेच यायचं. म्हणून मी आदल्याच दिवशी त्यांच्यातल्या इंदूबाईंच्या अंगणात बायका जमवून, कपड्यांना सोडा कमी लावण्यावर व्याख्यान देऊन आलो होतो. इंदूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मला वाटलं, भारावल्या.

आचारीबुवांनी फेस बोटांवर चोळला. "साबनाचा फेस पांढरा रायते. हा तपकिरी हाय, तुपकट." मग मलाच सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. थेंबात धागेच धागे. हे धाग्यासारखे जीवाणू तेलातुपावर पोसतात आणि हवेचे बुडबुडे धरून वर तरंगतात. फेस हे त्यांचंच घर. मी ते रोज परत टाकीत पेरत होतो. ते वाढतात मात्र सावकाश. रोज थोडा गाळ काढला तर त्यांना जम बसवायला वेळ मिळत नाही. मी तर दोन महिने गाळ काढणंच थांबवलं होतं. गाळ जितका जुना तितका मुरलेला, असा माझा सिद्धांत. आचारीबुवा दोनदा बोलले होते: "सायेब, हे लोनचं नाई."

"पण एवढं तेल आलं कुठून?" मी विचारलं. थोडा तरी दोष दुसऱ्याचा निघावा, अशी फार इच्छा होती.

त्यांनी तुपकट बोटं पुसली. "मंगल कार्यालयायतून. पुऱ्यायचं, भज्यायचं उरलेलं तेल म्याच मोरीत ओतत आलो. अर्धा फेस तुमचा सायेब, अर्धा माहा."

मी त्या आठवड्याच्या नोंदवहीत फेसाचं कारण 'दमट हवामान' लिहिलं होतं. गुपचूप खोडलं.

दुसऱ्या दिवशी ते घरून बुंदीचा मोठा झारा घेऊन आले. फेस काढून बाहेर टाकायचा, रोज ठरावीक गाळ वाळवायला न्यायचा. ड्युटी संपली की शहरातल्या एकेका आचाऱ्याला गाठायचं. "मोरीत तेल ओतते थो आचारी नाई, आळशी हाय. म्या बी होतो." स्वतःपासून सुरुवात केल्यामुळे कुणी भांडलं नाही, तेल डब्यांत जाऊ लागलं. तिसऱ्या आठवड्यात टाकीचं पाणी उघडं दिसलं. झेंडूचं पाणी एक दिवसही तुटलं नाही.

दसऱ्याच्या आठवड्यातच ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी झारा माझ्या हातात ठेवला; आज अमरावतीच्या प्रकल्पावर तो माझ्या टेबलामागे टांगलेला असतो, आणि सकाळचा अर्धा तास मीही गप्प बसतो. निरोपाचं भाषण मी लांबवत असतानाच इंदूबाई झेंडूचा हातभर हार घेऊन आल्या. साहेब या नात्याने मी पुढे होऊन मान झुकवली.

"सरका सायेब," त्या म्हणाल्या, "हार आचारीबुवाले हाय. तुमच्यासाठी सोड्याची पुडी आनली, बूट धुवा."