आमच्या जीपमधलं सनस्क्रीन

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. जीपच्या चटईखाली धूळ साचते तसे ते साचतात. झाडायला काढल्यावर कळतं, किती होते. आमच्याकडे तर एका सनस्क्रीनचेच पसाभर आहेत.

कापसाचे ते वाईट दिवस होते आणि वऱ्हाडात जो तो सर्व्हे करत होता. बायकांच्या तब्येतीचा सर्व्हे आमच्या वाट्याला आला. सकाळी अमरावतीहून भाड्याची जीप निघायची. आत मी, शहनाज आपा, वनिता आणि स्टेअरिंगवर गजूभाऊ. एप्रिलमध्येच आम्हा तिघींचे चेहरे सोलून निघाले, तेव्हा ऑफिसनं निरोप दिला, "सनस्क्रीन घेऊन देऊ, पण सगळ्यांना एकाच प्रकारचं. ठरवून सांगा."

आपा लोशनवाली. वनिताच्या भावानं तिला पुण्याहून स्प्रे आणून दिलेला, म्हणून ती स्प्रेवाली. माझं मत कोणी विचारलं नाही. ठरवण्यात अख्खा उन्हाळा गेला.

*

आपा म्हणायची, "ट्यूबवर लिवलं हाय, भरपूर लावा." आपाचं भरपूर म्हणजे खरंच भरपूर. पातूरजवळच्या एका गावात तिनं कडी वाजवली. दार उघडणाऱ्या आजोबांनी तिचा पांढराफटक चेहरा नीट न्याहाळला आणि मागं वळून घरात सांगितलं, "गिरणीवाली आली व. दळण झालं वाटते."

*

वनिता त्या दिवशी फार हसली. मग तिचा नंबर लागला. मोझरीला चहासाठी थांबलो होतो. गजूभाऊ बोनेट उघडून पाणी टाकत होते. वनितानं डोळे मिटून फुस्सकन स्प्रे मारला, पण वारा भलतीकडचा. तिच्या तोंडावर थेंब नाही आणि गजूभाऊंचा चष्मा दुधाळ.

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. म्हणाले, "ताई, औषध तुमचं, अन् लागू मलेच पडून राहिलं."

*

आपाची ट्यूब उन्हात पातळ व्हायची, म्हणून ती तिला डब्याच्या पिशवीत, ओल्या फडक्यात ठेवायची. एकदा ती गळली. जेवायला बसलो तर भाकरीला गुलाबाचा वास. आम्ही तिघींनी भाकरी बाजूला सारली. गजूभाऊंनी ठेच्यासोबत अख्खी संपवली.

"कसं लागलं?" मी विचारलं.

"मस्त. आता पोटाले ऊन लागत नाही."

*

शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या बागेत सावलीला बसलो होतो. वनितानं हातांवर स्प्रे मारला, तसा बागवाले काका धावत आले. "कोणतं औषध मारून राहिल्या माह्या बागेत?"

वनितानं घाबरून डबा दाखवला. "काका, अंगाचं हाय. उन्हानं चट्टे पडू नाई म्हणून."

काकांनी डबा फिरवून पाहिला. मग वर, झाडाकडं पाहिलं. उन्हाच्या बाजूची फळं भाजून पिवळी पडली होती. मग हळूच विचारलं, "संत्र्याले चालते काय?"

*

अकोल्याकडच्या एका घरी मात्र कोणी हसलं नाही. ओसरीवर वनितानं स्प्रे मारला आणि आतल्या खाटेवरचा माणूस धडपडत उठून मागच्या दारानं बाहेर गेला. त्याची बायको बाहेर आली. मागच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना तो शेतातच पडला होता. दवाखान्यातून परत आला, पण तो आवाज आणि तसा वास त्याला सहन होत नव्हता.

"बाई, हे रस्त्यावर मारत जा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

वनिता मागच्या दारी गेली, त्याची माफी मागून आली. जीपमध्ये बसल्यावर तिनं डबा बॅगेच्या तळाशी घातला. "ऑफिसले सांगून द्या," ती म्हणाली, "लोशन."

आपा जिंकली होती. आपली ट्यूब तिनं वनिताच्या हातात दिली.

*

आणि हा शेवटच्या गावातला. कमलाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंशी बोलणं झालं. सारी हयात त्यांनी लोकांच्या शेतात निंदण आणि कापूस वेचणी केलेली. निघताना आपा तोंडाला लोशन लावू लागली, तशा त्या जवळ सरकल्या. आपानं त्यांच्या हातावर थोडं घातलं. त्यांनी मनगटावर बोट फिरवलं. काळ्याभोर, भेगाळल्या कातडीवर पांढरी रेघ उठली.

"यानं काय होते?"

"ऊन लागत नाही, काकू."

कमलाबाईंनी ती रेघ निरखली. "मागं लागलेलंबी जाते काय?"

आपानं आमच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही, काकू. आता लागंल तेवढंच."

तेवढ्यात त्यांची सून सरपणाला पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा घेऊन अंगणात आली. तोंड उन्हानं लाल झालेलं. कमलाबाईंनी तिला हाक मारली, भारा खाली ठेवायला लावला, समोर बसवलं.

मग आपल्या हातावरचं लोशन बोटानं निपटून काढलं आणि सगळं तिच्या गालांना लावलं.