मुद्देमालाच्या खोलीतले दोर

एका सरकारी पत्राच्या उत्तरात मी ‘याबाबत काही माहिती नाही’ असे लिहिले. ते खोटे होते. ते अक्षर आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते आणि मी परळ भागात फौजदार होतो. खबऱ्या सांगत आला, “साहेब, इथला एक गिरणीतला फिटर रविवारी माणसं घेऊन डोंगरात जातो. दोर, गॅसबत्त्या! आणि जित्या माणसाला झोळीत बांधतात.”

फिटरला सामानासह ठाण्यावर आणले. त्याच्या वहीत होते: एक झटका – थांबा; दोन – सैल सोडा; तीन – ओढा.

“कुठल्या मोर्चाच्या खुणा या?”

“गुहेत अडकलेला माणूस काढायच्या, साहेब. आत हाक घुमते, शब्द कळत नाहीत. दोरानंच बोलावं लागतं.”

“मग दोरालाच विचारा, पुढची सभा कुठाय!” आमचे जाडे हवालदार म्हणाले.

फिटर हसला नाही. “हवालदारसाहेब, जरा आडवे व्हा.” त्याने त्यांना झोळीत बांधले आणि बाकाखालच्या अरुंद जागेतून, डोके कुठेही न आपटता, अलगद बाहेर काढले. सारे ठाणे हसले. त्याच क्षणी मला कळले की हा कट नव्हे, तालीम आहे.

परंतु ‘कटाचे साहित्य हस्तगत’ असा अहवाल मी सकाळीच वर पाठवला होता. फिटरला सोडले; दोर मुद्देमालाच्या खोलीत सीलबंद राहिले.

“मनिला दोर आहेत, साहेब, माणसाचं वजन पेलणारे. पुन्हा मिळायचे नाहीत. तेवढे द्या.”

“बघू,” मी म्हणालो. दुरुस्तीचा एक अहवाल पुरेसा होता. तो लिहिण्याची मला लाज वाटली.

पुढच्या सरावाला त्यांनी काथ्याचा दोर वापरला. तो तुटला आणि फिटरच्या बहिणीचा नवरा गुहेत पडून मरण पावला. फिटरने जबाबात सांगितले, चांगले दोर पोलिसांकडे आहेत. तिकडच्या ठाण्याने आम्हाला विचारले, तेव्हा मी ते उत्तर लिहिले. ठपका फिटरच्या हलगर्जीपणावर आला.

आरोपी कबुली का टाळतो, याविषयी मी पुढे कनिष्ठांना पुष्कळ शिकवले. स्वतःचा दाखला मात्र कधी दिला नाही.

निवृत्तीनंतर मी फिटर आणि त्याची बहीण राहत त्या चाळीत गेलो आणि दोघांना एकत्र बोलावले. दोरांचा विषय निघताच बहीण भावाकडे न पाहता म्हणाली, “हा म्हणायचा, पोलिसांनी दोर नेले. मग कागदात का नाही आलं? इतकी वर्षं मी याच्याशी बोललेली नाही.”

मी उभा राहिलो. “बाई, दोर मी नेले होते. निरुपद्रवी आहेत हे कळूनही दिले नाहीत, आणि विचारल्यावर खोटे लिहिले. तुमचा भाऊ खरे सांगत होता. तुम्हा दोघांची मी माफी मागतो.”