कणगीतली शिट्टी

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात, कोपऱ्यातल्या संपलेल्या सेलांसारखे. मेहकरात नामदेवभाऊंच्या दुकानात आमचा अड्डा असायचा. ट्रान्झिस्टर तेव्हा नवे नवे होते आणि त्यातून कधी काय निघेल याची सगळ्यांनाच धास्ती!

*

हिवऱ्याच्या एका शेतकऱ्यानं आपला चालू रेडिओ काउंटरवर ठेवला. शेजारी दुसरा वाजतच होता. अशी कर्कश शिट्टी उठली की गडी थेट रस्त्यावर!

"भाऊ, याच्यात कोन हाय?"

"कोनी नाई बे," नामदेवभाऊ म्हणाले. "दोन चालू रेडिओ जवळ आले का एकाची लहर दुसऱ्यात घुसते. एक बंद कर, शिट्टी बंद."

त्यानं बंद केला, शिट्टी थांबली. तरी रेडिओ न्यायला त्यानं मेव्हण्याला पाठवलं!

*

खरी भीती लायसन इन्स्पेक्टरची. लायसन नसलं की रेडिओ जप्त! आमच्या शंकरनं घाईत चालू रेडिओच न्हाणीच्या चुलाण्यात लपवला. इन्स्पेक्टर दारात आणि चुलाण्यातून पुरुषी आवाजात कापसाचे भाव!

"बायको बोलून राह्यली, साहेब," शंकर म्हणाला.

रेडिओ गेलाच.

*

डोणगावच्या वसंताकडेही लायसन नव्हतं. वडील गेल्यापासून त्याच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, रेडिओचीच काय ती सोबत. तो गेला तर ती खचेल, ही त्याला धास्ती. सेलांची घरात एकच जोडी, कधी रेडिओत तर कधी टॉर्चमध्ये.

त्या दुपारी मी तिथंच होतो. इन्स्पेक्टर अंगणात दिसताच वसंतानं रेडिओ ज्वारीच्या कणगीत खुपसला. चालू की बंद, बघायलाही वेळ नव्हता.

इन्स्पेक्टरनं आत येऊन लपवलेला रेडिओ हुडकायला खांद्यावरचा स्वतःचा ट्रान्झिस्टर लावला. शिट्टी! तो कणगीकडे सरकला तशी ती वाढली. वसंताचा चेहरा पांढराफटक.

"काय आहे तिकडे?"

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "वसंताचे बाबा हायेत, साहेब. तिथंच जीव गेला त्याइचा. जित्तेपनी बी अशीच शिट्टी मारत."

इन्स्पेक्टर चहासुद्धा न घेता गेला! वसंता आणि मी पोट धरून हसलो. मावशी हसल्या नाहीत.

"मा, आता बंद करतो त्याले," म्हणत वसंतानं खुंटीवरची टॉर्च काढली, बटण दाबलं आणि कणगीत लख्ख उजेड पाडला.

त्याचा हात तिथंच थांबला.

"मा... सेल तर टॉर्चमधी हायेत!"