कोणत्या पक्षाची आवणी?

आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते. आज मी तुमच्या खाचरात रोपं लावायला, उद्या तुम्ही माझ्या. मजुरी नाही, दुपारची भाकरी मात्र जिचं शेत तिची. लग्न होऊन शेणव्याजवळच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी मला आधी सावडीची घरं दाखवली, देवळं नंतर. त्यातलं एक घर खालच्या पाड्यातलं. त्या घरची सून पुढं सरपंच झाली, थेट गावाच्या मतांनी. ती दुसऱ्या पक्षाची आणि मी ग्रामपंचायतीची सदस्य, आमच्या पक्षाची. तिथून राडा सुरू झाला.

माझा धाकटा दीर आमच्या पक्षाचा गावातला म्होरक्या. पूर्वी सरपंच सदस्यच निवडायचे. निवडीआधी सदस्यांना गाडीत कोंबून कुठल्यातरी रिसॉर्टवर नेऊन ठेवायचे आणि मतदानाच्या सकाळी गुरं सोडावीत तसे पंचायतीसमोर सोडायचे. तेव्हा हेच भावजी शहापूरच्या कचेरीसमोर चहा ढोसत गर्जायचे, "थेट निवडा! अमेरिकेत बघा, अध्यक्ष लोक निवडतात. आपल्याकडं बी दिल्लीपासून गल्लीपर्यंत तसंच पायजे."

मग गावात थेट निवड आली आणि निवडून आली दुसऱ्या पक्षाची बाई. झालं! भावजींची टेप उलटी फिरली. "एकच माणूस डोक्यावर बसवायचा, ही काय लोकशाही? सदस्यांचा विश्वास नसंल तं खाली उतरवता आलं पायजे. संसदेत सरकार पडतं का नाय?"

मी म्हटलं, "भावजी, तुमाला ही पद्धत बी नको आन् ती बी नको. तुमाला फक्त तुमचा माणूस पायजे."

त्यांना ते फार झोंबलं. दोन वर्षं सरताच अविश्वास ठराव आला. सरपंचबाईचा गुन्हा काय? शाळेचं छप्पर बदललं, पाण्याची पाइपलाइन ओढली, तीही आधी आमच्या आळीत. पण ती दुसऱ्या पक्षाची ना!

सभेच्या आदल्या संध्याकाळी भावजी ओटीवर येऊन बसले. "उद्या हात वर कर, वैनी. नाय केलास तं आवणीला एक बाय येणार नाय तुज्या खाचरात."

 राबात, बी पेरलेल्या वाफ्यात, रोप तयार होऊन उभं होतं. वेळेत लावलं नाही तर ते म्हातारं होतं, मग दाणा नीट धरत नाही. नवरा कंपनीत कामाला, सुट्टीखेरीज हाताशी नाही. आमचं वर्षाचं खाणं त्याच खाचरांतून यायचं. भावजींना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर बरोबर तिथंच बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी हात वर करायला सांगितलं. माझे दोन्ही हात मांडीवर. एका हातानं ठराव पडला. बाहेर आले तर "गद्दार!" म्हणून ओरडा. मीही ओरडले, "गावानं निवडलीय तिला! तिनं खाल्लं असतं तं पयला हात माजा असता. काय खाल्लं सांगा की!"

 माझ्या आवणीच्या दिवशी कोणी आलं नाही. ज्यांच्या खाचरात माझी कंबर मोडली होती, त्या बाया मान खाली घालून समोरून गेल्या. दुपारी सरपंचबाईच्या पक्षाचा पुढारी बाइकवरून आला. "आमच्यात ये, ताय. उद्या खाचर भरून बाया पाठवतो."

अगं बाई, इकडूनही तेच! "माजी आवणी काय पक्षाची शाखा हाय? निघा," म्हटलं.

दुसऱ्या सकाळी एकटीच खाचरात उतरले. रागानं डोळ्यांत पाणी येत होतं. थोड्या वेळानं डोक्यावर प्लास्टिक घेऊन सरपंचबाई आली. एकटीच. "गेल्या साली तू माज्याकडं आल्तीस. मी सावडीला आलेय, सरपंच म्हणून नाय," म्हणाली आणि वाकली. दोघींचे हात कुठं पुरे पडणार? वरचं खाचर यंदा पडीक राहणार, हे दोघींनाही दिसत होतं.

तेवढ्यात बांधावर भावजी उभे राहिले. पांढरी पँट, हातात छत्री. मागं त्यांची बायको, माझी जाऊ, डोक्यावर भाकऱ्यांचं टोपलं घेऊन त्यांच्या शेताकडं निघालेली.

"वैनी, एकदाचं सांगून टाक. आता कोणत्या पक्षाची तू?"

मी रोपाची मूठ पुढं केली. "ही धरा आन् उतरा खाली. मंग सांगते."

भावजींनी आपल्या पँटीकडं पाहिलं. मागं जाऊबाईनं टोपलं बांधावर ठेवलं आणि लुगडं खोचलं.

"तू कुठं चाललीस गो?" भावजी खेकसले. "आपला पक्ष कोणता, हाय का ठावं?"

ती तोवर पोटरीभर चिखलात होती. माझ्या हातातली मूठ तिनं ओढून घेतली.

"मला कवा विचारलात पक्ष?" ती म्हणाली आणि वाकून लावायला लागली.