उशिरा लागणारी स्क्रीन

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानच होता. मी तोंडावर बोलते, पाठीमागं नाही, असं मी चारचौघींत ठसक्यात सांगायचे. पण एका माणसाला मी तोंडावर जे बोलले, त्यानंतर तो अभिमान काही उरला नाही.

गाडी घेतली तेव्हा माझी चाळिशी उलटलेली. धारूरहून दिंद्रुडकडं शाळेला जायचं म्हणजे रोज घाट, आणि एसटीचा काही नेम नाही. गाडी चालवायला शिकले, पण रिव्हर्स घ्यायचं म्हटलं की हाताला घाम. आमची गल्ली ही एवढीशी. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला शेजारणीच्या बांधलेल्या शेळ्या. म्हणून मागं कॅमेरा आणि पुढं मोठी स्क्रीन बसवून घेतली.

बसवली धारूरच्या बाजारातल्या एका वायरिंगवाल्यानं. हा माणूस आधी बारा-तेरा वर्षं बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. कारखान्यावर ट्रॅक्टरचे दिवे, हॉर्न दुरुस्त करता करता हात बसला, आणि मग त्यानं कोयता टाकून दुकान टाकलं. घर दिंद्रुडला, म्हणून त्याची मुलगी आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात. ‘‘ताई, आता हिची शाळा मधीच सुटायची न्हाई,’’ असं तो मला स्क्रीन बसवतानाच म्हणाला होता.

चार दिवसांत स्क्रीन रडायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं कंपनीचं चिन्ह गोल गोल फिरत राहायचं. मिनिट व्हायचं, दीड मिनिट व्हायचं. कॅमेरा दिसेपर्यंत मी गल्लीत गाडी आडवी लावून बसलेली आणि मागं दुधवाल्याचा हॉर्न. ‘‘काय मॅडम, गाडीला अजून जाग आली न्हाई का?’’ असं म्हणून लोक हसायचे.

गेले दुकानात. त्यानं पेनड्राइव्ह काढून बघितला, नको ती ॲप्स उडवली. मग किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, तर स्क्रीन दोन सेकंदांत लख्ख! ‘‘इथं तर लागतीय की ताई.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. दुकानात शहाणी, गल्लीत येडी. वर मीटरमधलं घड्याळही रोज सकाळी बारावर जाऊन बसायला लागलं. मला वाटलं, यानं वायरी ओढता ओढता तेही बिघडवलं.

चौथ्यांदा गेले ती पेटूनच गेले. आठवडी बाजाराचा दिवस, शेजारच्या चहाच्या टपरीवर माणसं बसलेली, त्यात आमच्या शाळेतले दोन सर. त्यानं शांतपणे सांगायला सुरुवात केली, ‘‘ताई, स्क्रीनला बॅटरीवरून एक वायर सदा चालू लागती. ती चालू असली की स्क्रीन नुसती झोपती, सकाळी लगीच उठती. ती तुटली की रोज पहिल्यापासून सगळं लोड होतंय. घड्याळ बी त्यानंच मागं जातंय. रात्री घरी कुणी बॅटरीची वायर तर काढत न्हाई ना?’’

माझं डोकंच सणकलं. ‘‘आमच्या घरी काय येडी माणसं राहतात का? काम येत नाही म्हणा की सरळ!’’

‘‘तसं न्हाई, एक रात गाडी इथं ठिवा...’’

‘‘आणि मी शाळेला काय उडत जाऊ?’’ मग ते वाक्य निघालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ‘‘कोयता धरलेल्या हातांना असली कामं जमत नसतात. उगं लोकांच्या नव्या गाड्या नासवू नका.’’

तो हातातली पक्कड पुसत राहिला. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोड्यांची, आणि मी, त्यांची बाई, हे बोलले. तेव्हा मात्र मला फार बरं वाटलं होतं. शाळेत जाऊन मी ते मीठमिरची लावून सांगितलंही. त्या दोघा सरांना स्क्रीन बसवायची होती, ते अंबाजोगाईला गेले. बघता बघता ‘तिथं नका जाऊ, मॅडमची गाडी नासवली’ हे गावभर झालं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी मला पहाटेच जाग आली. अंगणात खुडबुड. बघते तर माझे सासरे, आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, बॉनेट उघडून वाकलेले. हातात पान्हा.

‘‘मामा, काय करताय?’’

‘‘बॅटरीची वायर लावायलोय.’’ मामांनी तीस वर्षं जीप चालवली. ‘‘सांजच्याला काढून ठिवतो, सकाळी लावतो. उंदरं लई झालीत, वायरी कुरतडत्यात. आपली जीप अशीच जळाली असती एकदा. तुला कशापायी सांगायचं? तू दमून येतीस.’’

स्क्रीन बसली त्याच आठवड्यापासून हे चाललेलं. ते पार कौतुकानं सांगत होते. मी तिथंच पायरीवर बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी! मामांना एवढंच म्हणाले, आजपासून काढू नका, मी उंदरांचं औषध आणते. दुसऱ्या दिवशी स्क्रीन किल्लीसरशी लागली. रिव्हर्स घेताना मला रडू आलं.

आता सरळ दुकानात जायचं, की नाही? नाही गेले. मामांचं हसू होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या माणसाच्या आडून मी माझंच तोंड लपवत होते. आज जाऊ, उद्या जाऊ करत दसरा गेला, दिवाळी गेली. सुट्टी संपून शाळा भरली, तर त्याची मुलगी वर्गात नव्हती. पोरी म्हणाल्या, ‘‘ती कारखान्याला गेली, बाई.’’

त्याच दिवशी संध्याकाळी दुकानापुढं गाडी थांबवली. शटर खाली. टपरीवाला म्हणाला, ‘‘गिऱ्हाईकच राहिलं न्हाई मॅडम. गेले नवरा-बायको कोयत्याला.’’ शटरवर नंबर होता. तिथंच उभं राहून लावला. त्यानं उचलला तेव्हा मागं ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सासरे, उंदीर, वायर. माफ करा म्हणाले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘ताई, मला तर तवाच ठावं व्हतं. मला सांगून काय व्हतंय? तुमी चार माणसांत बोलल्या व्हत्या. हे बी चार माणसांत सांगा की.’’

टपरीवर तेव्हा चारच काय, सहा-सात माणसं बसलेली. सगळी माझ्याकडं बघत होती. मी ‘‘बरं, बघते’’ म्हणाले, फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता हे लिहिलं, पण यात ना त्याचं नाव घातलंय, ना माझं. धारूरच्या बाजारात कुणी वाचून ओळखलंच, तरी तो वायरिंगवाला दुसराच, ती मॅडम दुसरीच, असं मला म्हणता येईल. एवढी सोय मी इथंही करूनच ठेवली.