परबबाईंचा कच्चा टाका

परबबाईंशी माझी ओळख झाली तेव्हा त्या माझ्या अंगावरच्या शर्टाची बाही उसवत होत्या. "हलू नको मेल्या, काखेत ब्लेड आहे," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी हात वर धरून उभा राहिलो.

विक्रोळीतल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा होती. कपड्यांत बसणारी विजेची उपकरणं ज्यांना बनवून बघायची आहेत, त्यांच्यासाठी आम्ही एक पेटी तयार करत होतो. तिच्यात नाण्याएवढे सेन्सर, थरथरणाऱ्या चिमुकल्या मोटरी, वीज वाहून नेणारा दोरा असं सामान होतं. इंजिनियरला शिवण आणि शिंप्याला इंजिनियरिंग येत नसलं तरी दोघांना काहीतरी जोडून बघता यावं, एवढाच हेतू. पेटीसोबतची माहितीपुस्तिका लिहायचं काम माझं. तिचं पहिलं वाक्य संचालकांनी स्वतः दिलं होतं : 'शरीर हे उद्याचं व्यासपीठ आहे.' मी ते बाईंना वाचून दाखवलं.

"व्यासपीठाला घाम येतो काय रे?" त्यांनी विचारलं.

बाई मूळच्या कणकवलीकडच्या. तीस वर्षं कामगारांचे गणवेश शिवून निवृत्त झालेल्या. संचालकांनी त्यांना 'वस्त्र-सल्लागार' केलं होतं. बाई शेजारणींना "शिवणाला जाते" एवढंच सांगत. त्यांचा नियम एकच. पहिल्यांदा सगळं कच्च्या टाक्यांनी टाचायचं, लांब लांब, लाल दोऱ्याने, ओढला की निघेल असं. "पक्कं कोण पण घालतो. मग उसवायचं जिवावर येतं, आणि चुकलेलंच बरोबर म्हणत बसतात." आमच्या पदवीधरांना मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं हवं असे, कारण पक्क्याचा फोटो चांगला येतो. आता बाई गावी मुलीकडे असतात. पेटीत मात्र लाल दोऱ्याचं रीळ असतं. ते कसं आलं, ते सांगतो.

गोवंडीची रेश्मा आमच्याकडे आली ती पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन. रेश्माला ऐकू येत नाही. मुलगी रडलेली कळावी म्हणून ती ओढणीचं एक टोक बाळाच्या पायाला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून पडायची. बाळंतपणापासून तिला सलग तासभर झोप मिळाली नव्हती. पेटीतल्या सामानातून तिच्यासाठी कुर्ता बनवला : बाळाजवळच्या बिनतारी सेन्सरने रडणं टिपलं की खांद्यावरची मोटर थरथरणार. खांदा संचालकांनी निवडला, कारण मोटरीसोबत लुकलुकणारा दिवा तिथे समोरून दिसतो. पुतळ्यावर झकास चाललं. बाई दोन दिवस रजेवर होत्या, तेवढ्यात पक्कं शिवूनही झालं.

बाई परतल्या त्याच दिवशी, पेटी कॉलेजांत न्यायची की नाही हे ठरवणारे पाहुणे आले. मुलगी रडली, मोटर थरथरली, टाळ्या पडल्या. रेश्माने लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, कुठलीही आई घेते तसं. मोटर नेमकी गालाखाली. मुलगी किंचाळली, मोटर थरथरली, मुलगी आणखी किंचाळली. दोघींपैकी कोणी माघार घेईना.

"यंत्रणा फारच संवेदनशील आहे," संचालक पाहुण्यांना म्हणाले.

बाई ब्लेड घेऊन उठल्या.

"बाई, आत्ता नको," संचालक पुटपुटले.

"मग कधी? पोरगी कॉलेजात गेल्यावर?"

बाळ त्यांनी माझ्याकडे दिलं. "धर मेल्या, एवढं तरी जमेल." खांद्यावरचे टाके कराकरा उसवले. मग रेश्मासमोर बसून हातवारे करत विचारलं, पोरीला कुठे कुठे घेतेस? रेश्माने खांदा दाखवला, छाती, कंबर, मांडी. घोट्याशी हात पोचला तेव्हा तिने मान हलवली. तिथे नाही. मोटर आणि सेल एकाच पट्टीवर होते. ती पट्टी बाईंनी सलवारीच्या मोहरीत, घोट्याजवळच्या कडेला, आतून टाचली. लाल दोऱ्याचे पाच कच्चे टाके, तेही वाकडे.

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती, विजेच्या मदतीशिवाय. तिला कापडाच्या ढिगावर निजवून शेजारी सेन्सर ठेवला. पाहुण्यांचा चहा येईपर्यंत रेश्माही भिंतीला टेकल्या टेकल्या झोपून गेली. संचालकांनी भविष्याविषयी बोलायला सुरुवात केली.

"हळू ओ, पोर उठेल," बाई म्हणाल्या. संचालक चक्क हळू बोलू लागले.

चहा संपला, आणि मुलगी रडली. एक पाहुण्या बाई रेश्माला हलवायला पुढे झाल्या.

"कोणी हात लावायचा नाही," परबबाईंनी दरडावलं.

आम्ही सगळे कप हातात धरून उभे. मुलगी रडत होती. रेश्माचा पाय झटकला, डोळे उघडले, आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता ती लेकीकडे गेली.