वकिलांच्या घरची आमटी

भूतखेत, करणी, अंगात येणं... माझा यावर काडीचाही विश्वास नाही. माझ्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं आमच्या घरातून बाहेर गेलं. त्यामुळं इथं लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव वाचून मला हसूच येतं. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या जिभेनं अनुभवलीय, तिला काय म्हणू?

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही धाराशिवला राहायचो, तेव्हाचं उस्मानाबाद. आमचे मास्तर, म्हणजे माझे मिस्टर, हायस्कूलला मराठी शिकवायचे. गावात एक वाचक मंडळ होतं — वकीलसाहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, अशी पाच-सात शिकलेली माणसं. महिन्याला एक कादंबरी वाचायची, पाळीपाळीनं एकाच्या घरी जमायचं, आधी चर्चा, मग जेवण. मास्तर सगळ्यांकडं जेवून आले होते. आमची पाळी मात्र दर वेळी पुढं ढकलली जायची. शेवटी मास्तरच अडून बसले, "या महिन्याला माझ्याकडंच."

माणूस नुसता हरखला होता हो! "आपल्या घरी दोन घास खाल्ले त्यांनी, की झालं. मला दुसरं काय नको," म्हणायचे. मी टँकरपुढं उभं राहून पाणी आणलं. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी पाहुण्यांना कशा वाढायच्या, म्हणून मास्तरांनी कुठून तरी पांढरी ज्वारी मिळवली. आणि मी येसराची आमटी केली. येसर माझ्या आईनं येरमाळ्याहून धाडलेलं. भाजलेल्या धान्या-मसाल्यात ती जवस घालून दळायची. ती चव दुसऱ्या कुणाच्या आमटीला यायची न्हाय.

चर्चा लई रंगली. कादंबरीत एका तहानलेल्या बाईला पाणवठ्यावरून हाकलतात. त्यावर बोलताना वकीलसाहेबांनी डोळे पुसले. मी ताटं मांडली... आणि सगळे उठून चपला शोधायला लागले.

"वहिनी, माझी आज चतुर्थी," वकीलसाहेब म्हणाले.

"माझी एकादशी," सेक्रेटरी म्हणाले.

एकाच संध्याकाळी चतुर्थी आणि एकादशी! वा रे पंचांग! बाकीच्यांची पोटं बिघडलेली. मास्तर दारात हात जोडून उभे — "घोटभर आमटी तरी घ्या." कुणी घेतली नाही. सगळी आमटी मी गल्लीत वाटून टाकली. येसरही तेवढंच होतं, संपलं.

पुढच्या महिन्याला वकिलांकडं जेवण. मी जाणार नव्हते. मास्तर म्हणाले, "चल, न्हाय गेलो तर रुसले म्हणतील." पुरुष बैठकीत, मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पाटावर. वकिलीणबाईंनी साधं तुरीचं वरण केलं होतं. हिंग-जिऱ्याची फोडणी देताना मी डोळ्यांनी बघितलं. वाढून झालं, तशी बैठकीतून हाक आली, "अहो, हे वरण म्हणावं की आमटी? काय चव आलीय! अजून आणा!"

मी माझ्या वाटीत बोट बुडवलं. दिसायला पिवळं वरणच. जिभेवर मात्र जवस... माझ्या आईचं येसर, माझ्या हाताचं तिखट! बाईंनीही चाखलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. "हे असं मी केलेलं नाही हो..." एवढंच पुटपुटल्या.

तिकडं सेक्रेटरी वाटी तोंडाला लावून भुरके मारत होते. उपास नव्हता बहुतेक! मास्तरांनी पहिलाच घास घेतला, दाराकडं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पानावरून उठले.

वाटेत मास्तर म्हणाले, "खाल्ली बघ शेवटी त्यांनी."

"व्हय," मी म्हणाले, "पण कुणाच्या घरी?"

त्यानंतर ते मंडळात कधी गेले नाहीत. आता मास्तर नाहीत. आमच्या घरी त्या लोकांनी शेवटपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

माझी सून म्हणते, मनाचे खेळ असतील. असतील बाई... पण सगळ्यांच्या जिभांना एकदम? मला आजही उलगडा झालेला नाही. राग मात्र येतो. जी कुठली शक्ती असेल, तिला त्या संध्याकाळी आमच्या घरात चार माणसं ताटावर बसवता आली नसती का? ती पण वकिलांच्याच घरी गेली.